पुण्याची विद्यार्थिनी आणि बर्लिनमधल्या कवट्या

जुलै-ऑगस्टचे दिवस आले की आपल्यापैकी अनेकांकडे जुने विद्यार्थी भेटायला येतात. कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, कुणी नुसताच नमस्कार करायला येतो. पुढच्या शिक्षणासाठी कुणी जर्मनीला निघालेला असतो, कुणी अमेरिकेला. आपण कौतुकाने चौकशी करतो. फी किती, राहायची सोय कुठे, जेवणाचे काय, थंडी सोसेल का, असे सगळे विचारून होते. एक प्रश्न मात्र सहसा आपल्या मनात येत नाही. तिथे तू जे संशोधन करशील, त्याचे उत्तर तुझ्या मार्गदर्शकाला नको असलेले निघाले, तर काय करशील?

हा प्रश्न आम्ही उगाच काढलेला नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पुण्याहून बर्लिनला गेलेल्या एका विद्यार्थिनीपुढे तो खरोखरच उभा राहिला होता. त्या विद्यार्थिनीचे नाव इरावती कर्वे. मराठी वाचक त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतात. समाजशास्त्राचे विद्यार्थी त्यांना भारतातील नातेसंबंधांच्या अभ्यासक म्हणून ओळखतात. पण त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती माणसाच्या कवटीची मापे घेऊन, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती अवश्य माहीत करून घ्यावी अशी आहे.

पुण्याहून बर्लिनला

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. तिथे शकुंतला परांजपे त्यांच्या वर्गमैत्रीण होत्या. पुढे शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर परांजपे यांच्या घरातच इरावतीबाई मुलीसारख्या वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी 1926 मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी मिळवली. त्यानंतर मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी एम. ए. केले.

त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत उच्च शिक्षण घेतले होते. पत्नीनेही तिथे जावे असे त्यांना वाटत होते. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या महर्षी कर्व्यांना मात्र ही कल्पना पसंत नव्हती. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन पैशाची सोय झाली. हेच जीवराज मेहता पुढे 1960 मध्ये गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई एकट्या बोटीने जर्मनीला गेल्या.

परदेशी विद्यार्थ्याचे जीवन म्हणजे काय, याचे सगळे घटक इथे दिसतात. डोक्यावर कर्ज, घरच्यांपैकी एका वडीलधाऱ्याची नाराजी, नवरा हजारो किलोमीटर दूर आणि काम करायचे ते परक्या भाषेत. शिवाय भोवतालचे वातावरणही बदलत चालले होते. 1928 च्या निवडणुकीत जर्मन संसदेत नाझी पक्षाच्या अवघ्या 12 जागा होत्या. सप्टेंबर 1930 च्या निवडणुकीत त्या 107 झाल्या. या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात इरावतीबाई बर्लिनमध्ये शिकत होत्या.

प्रश्न मार्गदर्शकाचा

त्या ज्या संस्थेत काम करत होत्या तिचे नाव कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. बर्लिनच्या डालेम या उपनगरात ही संस्था 1927 मध्ये सुरू झाली होती. संचालक होते प्रा. ऑयगेन फिशर. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत केलेल्या संशोधनामुळे त्यांचे नाव झाले होते. माणसांचे वंश वेगवेगळे असतात आणि त्यांत वरचे-खालचे असतात, अशी त्यांची पक्की धारणा होती. आज हे ऐकून आपल्याला धक्का बसतो. पण त्या काळी युरोप-अमेरिकेतील अनेक नामवंत विद्यापीठांत हे 'विज्ञान' म्हणूनच शिकवले जात असे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न बहुधा मार्गदर्शकाकडूनच मिळतो. इरावतीबाईंनाही तसाच मिळाला. फिशर यांची परिकल्पना थोडक्यात अशी होती : युरोपीय माणूस तर्कबुद्धीने श्रेष्ठ आहे. त्यामुळे त्याच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा खंड अधिक वाढलेला असणार. त्याला जागा हवी म्हणून कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी राहणार नाही, म्हणजेच कवटीत असमिती दिसेल. युरोपाबाहेरच्या माणसांच्या कवटीत अशी असमिती दिसणार नाही.

ही विधाने आपण फळ्यावर एकाखाली एक लिहून पाहू या.

1. युरोपीय कवटीत असमिती असते, इतरांच्या कवटीत नसते.
2. ही असमिती मेंदूच्या एका खंडाच्या वाढीमुळे येते.
3. तो खंड मोठा असेल तर तर्कबुद्धी जास्त असते.
4. म्हणून युरोपीय माणूस श्रेष्ठ.

ही साखळी आहे, आणि साखळीची एक कडी तुटली की पुढचे सगळे निराधार होते. दुसरी आणि तिसरी कडी तपासण्याची साधने त्या काळी जवळजवळ नव्हतीच. चौथी कडी तर मोजमापाची नाहीच, ती आधीच मनात ठरलेली आहे. पहिली कडी मात्र मोजून तपासता येत होती. त्यासाठी कवट्या हव्यात, मापपट्ट्या हव्यात आणि चिकाटी हवी.

मापे कशी घेतात?

इरावतीबाईंनी 149 कवट्यांचा अभ्यास केला. काही युरोपीय होत्या, तर काही पूर्व आफ्रिकेतील पूर्वीच्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. वसाहतीतल्या कवट्या बर्लिनला कशा पोचल्या असतील याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. मेलेल्या माणसांची किंवा त्यांच्या नातलगांची संमती कुणी विचारली नव्हती.

कवटीची असमिती मोजणे दिसते तितके सोपे नाही. माणसाचे शरीर बाहेरून डावे-उजवे सारखे वाटते, पण ते काटेकोर सारखे कधीच नसते. आरशात स्वतःचा चेहरा नीट पाहिला तर एक भुवई किंचित वर दिसते, एक कान थोडा खाली दिसतो. म्हणजे 'असमिती आहे का' एवढेच विचारून चालत नाही. ती किती आहे, कोणत्या बाजूला आहे, आणि एका गटात दुसऱ्या गटापेक्षा वेगळी आहे का, हे विचारावे लागते.

त्यासाठी आधी मध्यरेषा ठरवावी लागते. नंतर दोन्ही बाजूंवर ओळखता येतील असे ठरावीक बिंदू घ्यावे लागतात. कवटीची हाडे जिथे एकमेकांना जोडलेली असतात ते सांधे यासाठी उपयोगी पडतात. या बिंदूंची अंतरे कॅलिपरने मोजायची. आपल्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरचाच हा भाऊबंद, फक्त गोलसर वस्तूला धरता यावे म्हणून त्याचे पाय बाकदार असतात. कॅलिपर जरा जास्त दाबला, बिंदू अर्धा मिलिमीटर सरकला की वाचन बदलते. आणि शोधायचा फरकही अशा काही मिलिमीटरचाच असतो!

इथेच मोठा धोका असतो. मोजणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असेल तर हात नकळत त्या बाजूला झुकतो. जे वाचन 'हवे' तसे येते ते लगेच लिहिले जाते. जे तसे येत नाही ते 'काहीतरी चुकले' म्हणून पुन्हा घेतले जाते. यात लबाडी असतेच असे नाही. अनेकदा ती प्रामाणिक माणसाचीही चूक असते.

उत्तर विद्यार्थिनीचे

149 कवट्यांच्या अभ्यासातून इरावतीबाईंना जे दिसले ते असे : कवटीची असमिती आणि वंश यांचा संबंध आढळत नाही. म्हणजे साखळीची पहिली कडीच तुटली. त्यांच्या प्रबंधाचे शीर्षक 'मानवी कवटीची स्वाभाविक असमिती' अशा अर्थाचे आहे. जर्मन भाषेतील हा प्रबंध 1931 मध्ये छापला गेला.

या ठिकाणी क्षणभर थांबून त्या विद्यार्थिनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. मार्गदर्शक साधासुधा नव्हे, संस्थेचा संचालक. परिकल्पना त्याची स्वतःची. पदवी द्यायची की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्याच हातात. पदवी न मिळता पुण्याला परत जायचे तर कर्ज तसेच डोक्यावर राहणार आणि 'आम्ही म्हणत नव्हतो का?' हे ऐकावे लागणार. काही वाचने थोडी इकडची तिकडे केली असती, किंवा निष्कर्ष जरा मोघम लिहिला असता, तर कुणाला कळलेही नसते. त्यांनी तसे केले नाही. जे मोजले तेच लिहिले. त्यांना पदवी मिळाली, पण फिशर यांनी श्रेणी दिली ती सर्वांत खालची. 1930 मध्ये इरावतीबाई भारतात परतल्या.

नंतरच्या संशोधनाने काय सांगितले तेही पाहू या. मानवी मेंदूला एक हलकासा पीळ असतो असे आज आपल्याला माहीत आहे. बहुतेकांमध्ये पुढच्या भागात उजवी बाजू आणि मागच्या भागात डावी बाजू किंचित पुढे आलेली असते. पण हा पीळ माणसाचा आहे, कोणा एका वंशाचा नाही. 1972 मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, माणसामाणसांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे 85 टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आतच आढळते. 'वंश' नावाच्या कप्प्यांमध्ये माणसांची काटेकोर वाटणी करता येत नाही, हे त्यानंतरच्या जनुकीय अभ्यासांनी अधिकच स्पष्ट केले.

पण चुकीची परिकल्पना कागदावरच राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1937 मध्ये ऱ्हाईनलँड भागातील शेकडो मिश्रवंशीय मुलामुलींची सक्तीने नसबंदी करण्यात आली. त्या मुलांची 'वंश-तपासणी' करून मत देणाऱ्यांत फिशर आणि त्यांच्या संस्थेचे लोक होते. पुढे आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले याचेही या संस्थेशी संबंध होते. संस्थेची ती इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. 2014 मध्ये जवळच खोदकाम चालू असताना जमिनीत मानवी हाडे सापडली. पुढच्या उत्खननात एकूण सुमारे 16 हजार तुकडे मिळाले. ती हाडे मार्च 2023 मध्ये सन्मानाने दफन करण्यात आली.

एका प्रबंधाने हे सगळे थांबले असते असे आम्ही म्हणणार नाही. ते थांबले नाहीच. पण त्या संस्थेतच एक परदेशी विद्यार्थिनी मापे घेऊन 'असे दिसत नाही' असे लिहून गेली होती, ही नोंद कायमची राहिली. पुरावा नव्हता म्हणून चूक झाली, असे म्हणायची सोय त्यामुळे उरली नाही.

दुसरी बाजू

इरावतीबाईंची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. 1939 मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच काम करत राहिल्या. 1970 मध्ये त्यांचे निधन झाले. या काळात त्यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातींतील लोकांची शरीरमापे घेतली. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची रुंदी अशी ही मापे होती. जातींचा उगम आणि त्यांचे परस्परसंबंध यांतून कळतील अशी त्यांची अपेक्षा होती. ही पद्धत त्या बर्लिनमध्येच शिकल्या होत्या. आज मानवशास्त्राने ती मागे टाकली आहे आणि अभ्यासकांनी त्यांच्या या कामावर टीकाही केली आहे.

यात आम्हाला विसंगती वाटत नाही, शिकण्यासारखे मात्र वाटते. विद्यार्थी गुरूचे उत्तर नाकारू शकतो, पण गुरूने हातात दिलेले हत्यार त्याच्या हातात पुष्कळ दिवस राहते. ते हत्यारही तपासायचे काम पुढच्या पिढीचे असते. इरावतीबाईंचे निष्कर्ष तपासणारे लोकही शेवटी त्यांनीच बर्लिनमध्ये दाखवलेल्या वाटेने जात आहेत.

वर्गात करून पाहा

आता हे सगळे आठवी-नववीच्या वर्गात कसे आणता येईल? त्यासाठी कवट्या लागत नाहीत. पाय पुरतात!

प्रत्येक विद्यार्थ्याने टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहावे. मित्राने पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची बाह्यरेषा काढावी. डाव्या आणि उजव्या पावलाचे वेगवेगळे कागद करावेत. कागदावर नाव लिहू नये, फक्त सांकेतिक क्रमांक लिहावा. कोणता क्रमांक कोणाचा याची यादी शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावी. मग दुसऱ्या तुकडीतील मुलांनी टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. प्रत्येक पाऊल तिघांनी मोजावे आणि आधीचे वाचन पाहू नये.

पहिला धडा इथेच मिळतो. समजा, एकाच पावलाची तीन वाचने 221, 223 आणि 222 मिमी आली. म्हणजे आपल्या मोजण्यातच 2 मिमीचा फेर आहे. मग डाव्या आणि उजव्या पावलात 1 मिमीचा फरक दिसला तर तो पायाचा आहे की पट्टीचा, हे सांगता येईल का?

दुसरा धडा गटांचा. वर्गाचे दोन गट करा : खिडकीकडच्या बाकांवरचे आणि दाराकडच्या बाकांवरचे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या उजव्या पावलाच्या लांबीतून डाव्या पावलाची लांबी वजा करा. दोन्ही गटांची सरासरी काढा. दोन सरासऱ्या अगदी सारख्या येणे जवळजवळ अशक्य. मुले लगेच म्हणतील, 'सर, खिडकीकडच्यांमध्ये असमिती जास्त आहे!' खिडकीचा आणि पायाचा काय संबंध, हे त्यांनाच विचारावे.

मग सगळे फरक चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठ्या डब्यात टाका आणि चांगल्या हलवा. न पाहता दोन ढीग करा. ढिगांच्या सरासऱ्या काढून त्यांतील अंतर लिहून ठेवा. असे वीस वेळा करा. नुसत्या चिठ्ठ्या मिसळूनही खिडकी-दारातला फरक वारंवार दिसत असेल, तर त्याला काही अर्थ नाही हे मुलांना कुणी सांगावे लागत नाही. 'दोन गटांत फरक दिसला' आणि 'गटामुळे फरक पडला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या हातांनीच त्यांना कळते.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. गट पाडताना जात, धर्म, गुण यांचा आधार चुकूनही घेऊ नये, आणि मापांचा हुशारीशी संबंध जोडू नये. तसे करण्याचा मोह काय घडवून आणतो ते आपण वर पाहिले आहे.

प्रयोगवहीतली सवय

शेवटी थोडे आपल्याविषयी. साध्या लंबकाचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. g चे मूल्य 9.3 आले की काय होते? मुले 9.8 वरून उलटे गणित करतात आणि वीस आंदोलनांचा वेळ त्याप्रमाणे 'दुरुस्त' करतात. विद्यार्थी असताना आम्हीही हे केले आहे, आणि शिक्षक झाल्यावर तशा वह्यांवर 'छान' असा शेरा मारून सहीही केली आहे. ज्याने प्रामाणिकपणे 9.3 लिहिले त्याचा अर्धा गुण कापला गेला. त्या अर्ध्या गुणातून तो काय शिकला? मोठ्यांना हवे असलेले उत्तर देणे फायद्याचे असते, हे!

आमची सूचना साधी आहे. प्रयोगाच्या दहा गुणांपैकी निदान चार गुण उत्तर न जुळण्याच्या कारणांसाठी ठेवावेत. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का, झोका फार मोठा होता का, घड्याळ सुरू करायला उशीर झाला का, हे ज्याने तपासले त्याचे 9.3 हे नक्कल केलेल्या 9.8 पेक्षा मोलाचे आहे.

आज पुण्यातून मुले परदेशी जातात, तशीच आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांतून पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात येतातही. भाडे, भाषा, मेसचे तिखट जेवण आणि घरची आठवण हे सगळे त्यांच्याही वाट्याला येते. त्यांच्यापैकी कुणाची निरीक्षणे आपल्या इथल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध गेली, तर त्यांना ती निर्भयपणे लिहिता येतील का? बर्लिनचा प्रश्न आता फिरून आपल्याच दाराशी आलेला आहे.

पुढच्या वेळी एखादा माजी विद्यार्थी पेढे घेऊन आला की राहण्याची, खाण्याची चौकशी जरूर करावी. त्याबरोबर 149 कवट्यांची ही गोष्टही त्याला सांगावी. स्वेटर, लोणचे आणि कागदपत्रे तो घेऊन जाणारच आहे. मोजले तेच लिहायची सवय मात्र त्याला तिकडे विकत मिळणार नाही. ती इथूनच, आपल्या शाळेच्या प्रयोगवहीतून, बरोबर न्यावी लागते.